अंगणातलं घायपात: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इंदिरानगरच्या घराच्या कंपाउंडमध्ये आणि गच्चीवर मिळून घायपाताच्या आठ-नऊ जाती आहेत. सकाळी फिरायला निघालेली मंडळी फाटकाशी थांबतात, ओळखीचे फोन करतात, सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराला फोटो येतो, "ताई, हे काय झालंय बघा ना." उत्तरं द्यायला मला आवडतं, पण दर वेळी एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहूनच जाते आणि नेमकं तेच झाड पुढच्या पावसाळ्यात जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. नाशिक शहर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी पावसाचा भाग दोनदा वाचावा, सिन्नर-येवल्याकडच्यांनी तो भरभर वाचला तरी चालेल.

अगेव्ह म्हणजे आपलं घायपातच ना?

हो, तेच. नर्सरीतल्या पाटीवर 'अगेव्ह' असतं, गावाकडे घायपात किंवा केकताड. काही भागांत त्यालाच केतकी म्हणतात आणि तिथून घोळ सुरू होतो. पुराणातली केतकी म्हणजे केवडा. ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शंकराला न चालणारी. एका बाईंनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "त्र्यंबकेश्वर इतकं जवळ, मग केतकी दारात लावलेली चालेल का?" घायपात मूळचं मेक्सिको आणि आसपासच्या मुलखातलं. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला, त्यानंतर ते समुद्र ओलांडून इकडे आलं. शाप दिला गेला तेव्हा ते साक्षीला हजर असणं शक्य नव्हतं.

या वंशात दोनशेच्या वर जाती आहेत आणि कूळ आहे शतावरीचं, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. लिनियसने १७५३ मध्ये 'अगेव्ह' हे नाव दिलं, ग्रीक शब्दाचा अर्थ 'भारदस्त, थोर'. माझ्या आजोळी, सिन्नर तालुक्यात, भारदस्त वगैरे कुणाला वाटत नव्हतं. बांधावर लावायचं, म्हणजे गुरं शेतात शिरत नाहीत, आणि लागेल तेव्हा पानं कापून, कुजवून, ठेचून वाख काढायचा. पोळ्याच्या आधी नवा कासरा वळला जायचा तो याच वाखाचा. नायलॉनची दोरी आली आणि बांधावरचं घायपात बिनकामाचं ठरलं. आता तेच झाड सिमेंटच्या पांढऱ्या कुंडीत बसून बंगल्याच्या दारात आलंय.

कोरफड आणि घायपात ओळखायचं कसं?

पान मोडून बघा. कोरफडीत काचेसारखा गर असतो आणि पान काकडीसारखं तुटतं. घायपाताचं पान तुटतच नाही, आतून दोरे निघतात. कोरफड वयात आली की वर्षानुवर्षं फुलते, घायपात आयुष्यात एकदाच. हा फरक गमतीचा नाही, कारण गर समजून घायपाताचा रस चेहऱ्याला लावलेली एक मुलगी मी पाहिली आहे. त्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. दोन दिवस तिचा गाल लाल होता.

नाशिकचं ऊन त्याला सोसेल का?

आपल्याला सोसत नाही इतकं त्याला सोसतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी जमिनीतलं मोठं घायपात ढिम्म असतं. त्याची तऱ्हाच वेगळी. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवा घेतात आणि तेवढ्यात पाणी गमावतात. घायपात दिवसा दारं-खिडक्या बंद करून बसतं आणि रात्री गारव्यात उघडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उन्हात त्याची साखर करायची, असा हिशोब.

थंडीचीही काळजी नको. निफाडकडे पारा पाच-सहाच्या खाली घसरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हासुद्धा साध्या घायपाताला काही होत नाही. मऊ पानांची बिनकाट्याची जात असेल तर अगदी कडाक्याच्या रात्री जुनी चादर टाकावी, इतकंच.

उन्हाचा त्रास होतो तो कुंडीला. काळ्या प्लास्टिकची कुंडी, खाली तापलेली गच्ची, वर मे महिना, म्हणजे मुळं शिजतात. एक तर मातीची कुंडी घ्या, नाहीतर प्लास्टिकची कुंडी मोठ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत बारीक खडी भरा. कुंडीखाली दोन विटा असल्या की तळातून वारा खेळतो.

मग माझं घायपात मेलं कशानं? ऊन तर भरपूर होतं.

पाण्यानं. नाशिकमध्ये घायपात उन्हानं मेलेलं मी क्वचित पाहिलंय, जुलै-ऑगस्टमध्ये मेलेली मोजता येणार नाहीत इतकी. मेक्सिकोतल्या त्याच्या मुलखातही पाऊस उन्हाळ्यातच पडतो, पण तिथे तो खडकाळ उतारावर पडून निघून जातो. आपल्याकडे तो चार महिने रेंगाळतो, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि खाली काळी माती असते. काळ्या मातीनं एकदा पाणी धरलं की सोडायचं नाव घेत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. कापसाला ती सोनं असेल, घायपाताला नाही.

माझं पहिलं घायपात असंच गेलं. चांगला खड्डा घेतला, शेणखत घातलं, आळं केलं, जसं आंब्याला करतात तसं. ऑगस्टमध्ये वरून हिरवंगार दिसत होतं. गणपतीच्या सुमारास धक्का लागला आणि अख्खं झाड आडवं झालं. खाली मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता आंबूस वासाचा लगदा. वरची पानं आपल्या साठ्यावर महिनाभर जगत होती. घायपात आजारी पडल्याचं कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, ही त्याची खोड लक्षात ठेवा.

त्यामुळे जमिनीत लावायचं तर खड्डा नको, उंचवटा करा. निदान फूटभर उंच गादीवाफा, त्यात अर्ध्याहून जास्त मुरूम आणि खडी. आळं तर मुळीच नको. रोपाचा बुंधा, जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या पातळीपेक्षा इंचभर वर राहिला पाहिजे. रोप किंचित तिरकं लावलंत तर मधल्या गाभ्यात पाणी साचत नाही. हा तिरकेपणा डोळ्याला खुपतो, लोक सरळ करायला जातात. राहू द्या.

कुंड्यांचं सोपं आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर लहान कुंड्या पत्र्याखाली किंवा गॅलरीच्या कडेला घ्या, जिथे उजेड येईल पण धार येणार नाही. इगतपुरीला असाल तर हे ऐच्छिक नाही. आणि कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवा. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणीही आठवड्याला कुंडी कलंडून ओता. डेंग्यूचे डास असल्याच जागा शोधतात.

कुंडीसाठी माती कशी तयार करू?

मी वापरते ते प्रमाण असं: एक घमेलं साधी पोयट्याची किंवा लाल माती, एक घमेलं चाळलेला मुरूम, एक घमेलं बारीक खडी आणि विटांचे तुकडे मिळून, वर दोन मुठी गांडूळखत. मुरूम नाशिकच्या आसपास कुठेही मिळतो, बांधकामाच्या जागेवर विचारलं तर पोतंभर असाच देतात. फक्त चाळून घ्या, त्यातली पिठासारखी बारीक माती काढून टाका, नाहीतर ती तळाशी बसून भोक बुजवते.

कोकोपीट नको. नर्सरीवाले रोप कोकोपीटमध्ये देतात कारण हलकं पडतं आणि त्यांना गाडीतून ने-आण करायची असते. घरी आणल्यावर ते मुळांभोवतीचं कोकोपीट शक्य तेवढं झाडून टाका. ते ओलं राहतं तेव्हा फार ओलं राहतं आणि पूर्ण वाळलं की पाणी घेतच नाही, बाजूनं वाहून जातं.

माती बरोबर झाली का हे तपासायला कुंडी भरून एक तांब्या पाणी ओता. मनात वीस मोजेपर्यंत ते वरून नाहीसं झालं पाहिजे. डबकं राहिलं तर अजून खडी घाला.

कोणती जात लावू? माझी जागा थोडी आहे.

आधी मोजपट्टी घ्या, मग नर्सरीत जा. हातभर कुंडीतलं गोड दिसणारं निळसर रोप दहा वर्षांनी किती होतं हे विकणारा सांगत नाही. ते अगेव्ह अमेरिकाना असेल, म्हणजे बांधावरचंच मोठं घायपात, तर त्याचा घेर सहा ते दहा फूट होतो आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो. पिवळ्या कडांचं जे देखणं रूप मिळतं तेही तेवढंच वाढतं. आमच्या गल्लीत एकांनी हौसेनं फाटकाच्या दोन्ही बाजूंना लावलं. पाच वर्षांनी पेपरवाला पोरगा पेपर आत टाकायचा बंद झाला, बाहेरूनच भिरकावायचा. शेवटी फाटक हलवणं की घायपात हलवणं असा प्रश्न आला आणि घायपात गेलं. गुंठे-दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये ते लावूच नका. सिन्नर, नांदगावकडे शेतघर असेल तर कुंपणाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

घरात लहान मुलं असतील तर माझं पहिलं मत अटेन्युएटाला. काटा नाही, पानं मऊ, फिकट हिरवी, मोठ्या कमळासारखी उमलतात. वय झालं की खोड दिसायला लागतं आणि फुलोरा उभा न राहता कमानीसारखा वाकतो. याला मात्र दुपारचं ऊन नको. पूर्वेच्या भिंतीला सकाळचं ऊन मिळेल तिथे ठेवा.

पांढऱ्या कडांचं, चेंडूसारखं गोल वाढणारं अंगुस्तिफोलिया आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसतं तेच. दोन-तीन फुटांत राहतं, मरता मरत नाही. काटे आहेत, आणि पिलंही, म्हणजे बुंध्याशी फुटणारी नवी रोपं, इतकी घालतं की तीन वर्षांनी शेजाऱ्यांना वाटत फिराल.

गच्चीवर एकच कुंडी ठेवायची असेल, धीर असेल आणि चार पैसे जास्त मोजायची तयारी असेल, तर व्हिक्टोरिया-रेजिने. गड्डाकोबीएवढा घट्ट गोळा, गडद हिरव्या पानांवर खडूनं ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा. फूट-दीड फुटाच्या वर जात नाही आणि तिथवर जायलाही वर्षं घेतं. माझ्याकडचं नऊ वर्षांत ताटलीएवढं झालंय. पाहुणे विचारतात, "हे प्लास्टिकचं आहे का?"

हल्ली टायटॅनोटाची फॅशन आहे, वेड्यावाकड्या जाड काट्यांचं. छान दिसतं. पण एका रोपाला जी किंमत सांगतात ती ऐकून मी फक्त फोटो काढून परत आले.

लावायची योग्य वेळ कोणती?

पाऊस उघडल्यावर, साधारण दसऱ्यापासून नोव्हेंबरपर्यंत. जमीन अजून उबदार असते, पुढे आठ महिने कोरडे, मुळांना बस्तान बसवायला सवड मिळते. ते हुकलं तर फेब्रुवारी. वृक्षारोपणाच्या उत्साहात जुलैमध्ये लावलेलं घायपात म्हणजे वर सांगितलेल्या लगद्याची तयारी.

पाणी किती आणि कधी?

जमिनीत रुजलेल्या झाडाला, पहिलं वर्ष सरल्यावर, जवळजवळ नाहीच. मे महिन्यात पानं किंचित आत वळलेली दिसली तर एखाद-दोन वेळा. कुंडीला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी, पावसाळ्यात आभाळाकडे बघून, म्हणजे बहुतेक वेळा शून्य. द्याल तेव्हा तळातून वाहेपर्यंत द्या आणि मग पूर्ण वाळू द्या. रोज कपभर पाणी घालणं हा प्रेमानं मारण्याचा प्रकार आहे. सासूबाईंना हे पटवायला मला दोन झाडं खर्ची घालावी लागली.

नाशिकमध्ये अर्ध्या घरांच्या बागेत ठिबक आहे. घायपाताला गुलाबाच्या नळीवर जोडू नका. ड्रिपर बंद करून टाका, हवं तर बादलीनं द्या.

खत?

फेब्रुवारीत मूठभर गांडूळखत. संपलं. युरिया घातला तर पानं भराभर वाढतात, मऊ आणि लांबट होतात, आकार बिघडतो.

नर्सरीतून आणलं आणि आठवड्यात पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडले. रोग आहे का?

भाजलंय. नर्सरीत ते हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं, तुम्ही आणून थेट मार्चच्या गच्चीवर ठेवलंत. पहिला आठवडा सावलीत, मग सकाळचं दोन तास ऊन, असं करत तीन आठवड्यांत पूर्ण उन्हात न्यावं. पडलेला डाग जात नाही. घायपाताचं पान वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे त्याच्यावरची प्रत्येक जखम तेवढी वर्षं दिसते. आमच्या मोठ्या झाडावर अवकाळी गारपिटीचे व्रण अजून आहेत.

पानांवर शेजारच्या पानाच्या काट्यांची नक्षी उमटलेली दिसते, ती मात्र जखम नव्हे. कोवळेपणी पानं एकमेकांना गच्च चिकटलेली असताना उमटलेला तो ठसा असतो. माझ्या मते या झाडातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच.

खालची पानं वाळतायत.

वर्षाला दोन-चार सर्वांत खालची पानं कडक वाळत असतील तर ते म्हातारपण आहे, बुंध्याशी कापून टाका. पानं मऊ पडून पिवळी होत असतील, बोट रुतत असेल, तर मूळकूज. कुंडीतून काढा, कुजलेला भाग पांढरा निरोगी गाभा दिसेपर्यंत धारदार सुरीनं कापा, आठ-दहा दिवस सावलीत तसंच कोरडं ठेवा, मग कोरड्या खडीत बसवा. मुळं नसली तरी घाबरू नका, नवी फुटतात. मधला गाभा ओढल्यावर हातात आला तर मात्र प्रयत्न सोडा.

पावसाळ्यात पानांवर गोल, खोलगट काळे डाग येतात तो करप्याचा प्रकार. ती पानं काढा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम घेऊन उघडीप मिळताच फवारा. द्राक्षवाल्या कुणाशी ओळख असेल तर विकत आणायचीही गरज नाही, त्यांच्या शेडमध्ये ते असतंच.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. द्राक्षबागायतदारांना हे नाव ऐकूनच घाम फुटतो. आधी मुंग्या आहेत का पाहा, कारण त्या या किडीला सांभाळतात आणि गोड चिकट्यासाठी तिची राखण करतात. मुंग्यांचा बंदोबस्त न करता नुसतं फवारत बसलात तर पंधरा दिवसांनी परत तेच. थोडी कीड असेल तर कानकोरणीच्या कापसाला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढा. कंटाळवाणं आहे पण खात्रीचं आहे. फार असेल तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. उन्हात फवारलंत तर पान भाजेल. निळसर जातींवर तेल वापरल्यानं पानावरचा मेणचट थर जातो आणि चकाकणारे हिरवे ठिगळ दिसतात, तिथे स्पिरिटच बरं.

पिलं कधी वेगळी करायची?

मुठीएवढी झाली की. त्याआधी ती आईच्या जिवावर जगत असतात. केळीचे मुनवे काढतात तसंच: बाजूची माती उकरा, जोडणारी जाड मुळी सापडेल, ती कापा. कापलेला भाग चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या आणि मगच लावा. लगेच ओल्या मातीत खोचलेलं पिलू कुजतं. मोठ्या झाडाखालून पिलं काढायची असतील तर आधी झाडाची पानं गोणपाटानं वर गोळा करून सुतळीनं बांधा, पोत्यात कणसं भरल्यासारखी. ही युक्ती मला मामांनी शिकवली, तोवर माझ्या दोन्ही हातांवर ओरखड्यांचा नकाशा झाला होता.

फुलल्यावर घायपात मरतं हे खरं?

खरं. 'शंभर वर्षांनी फुलणारं झाड' हे मात्र खोटं, 'सेंच्युरी प्लांट' या इंग्रजी नावामुळे पसरलेलं. उबदार हवेत मोठं घायपात साधारण दहा ते तीस वर्षांत फुलतं. इतकी वर्षं साठवलेली सगळी साखर ते एका दांड्यात ओततं. हा दांडा उगवतो तेव्हा राक्षसी शतावरीच्या कोंबासारखा दिसतो आणि तेव्हा त्याचं कूळ पटतं. रोज बोटा-दोन बोटांनी चढताना डोळ्यांना दिसतो, वीस-पंचवीस फुटांवर जाऊन फांद्या फोडतो. मेक्सिकोत वटवाघळं परागीभवन करतात. आपल्याकडे मधमाश्या आणि शिंजीर मेजवानी झोडतात. मग खालचा पसारा सुकत सुकत जातो.

दांडा कापला तर झाड वाचेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. कळी धरली तिथेच त्याचा निर्णय झालेला असतो, कापून तुम्ही फार तर थोडा काळ लांबवाल आणि फूल बघायचं मात्र मुकाल. मेक्सिकोत दांडा येण्याआधीच गाभा कोरून गोड रस काढतात, त्यापासून पुल्के नावाचं आंबवलेलं पेय होतं. त्यातही झाड जातंच. तुम्ही फुलू द्या. बुंध्याशी पिलं असतातच, आणि काही जातींत दांड्यावरच फुलांच्या जागी शेकडो इवली रोपं लगडतात. एकच काळजी घ्या: वाळलेला दांडा वळवाच्या वादळात पडतो. वर विजेची तार किंवा खाली शेजाऱ्याची गाडी असेल तर आधीच उतरवून घ्या.

काटेरी झाड दारात अशुभ असतं म्हणतात?

वास्तूचं ज्याचं त्यानं बघावं, माझा अभ्यास नाही. पण घायपाताचा काटा कोवळ्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतो, यात अशुभ काय ते समजायला पंचांग लागत नाही. पायवाटेपासून, झोपाळ्यापासून, पार्किंगपासून चार फूट दूर लावा. टोकाचा काटा नेलकटरनं पाव इंच उडवला तर पानाला काही होत नाही. माझ्या दारातल्या सगळ्यांची अशी नखं काढलेली आहेत. काटा खोल रुतला आणि टोक आत मोडलं असं वाटलं तर घरी उकरत बसू नका, डॉक्टरकडे जा. डोळ्याजवळ लागलं तर त्याच मिनिटाला.

कुत्री-मांजरं सहसा वाटेला जात नाहीत, पण पान चघळलं तर तोंडाला जळजळ आणि उलट्या होऊ शकतात.

रात्री ऑक्सिजन देतं म्हणून बेडरूममध्ये ठेवलं तर?

हा मेसेज कुणी पहिल्यांदा पाठवला माहीत नाही, पण तो मरत नाही. घायपात रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं. ऑक्सिजन तयार व्हायला मात्र उजेड लागतो, तो दिवसाच होतो. शिवाय बेडरूममधल्या अंधारात ते सहा महिन्यांत फिकट, लांबोडकं होऊन माना टाकेल. त्याला रोज पाच-सहा तास ऊन हवं. घरात काही ठेवायचंच असेल तर दुसरं काही ठेवा.

आपलं नाशिक वाईनचं गाव. घरच्या घायपातापासून टकिला होईल का?

दर उन्हाळ्यात एक तरी हौशी विचारतो. टकिला फक्त अगेव्ह टेकिलाना या निळ्या जातीची, तीही मेक्सिकोतल्या हालिस्को आणि ठरवून दिलेल्या प्रदेशातलीच. पानं छाटून उरलेला गड्डा भाजून, पिळून, आंबवून, मग गाळतात, आणि गड्डा तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. दख्खनच्या घायपातापासून मद्य बनवणारे भारतीय ब्रँड निघाले आहेत, पण त्याला टकिला म्हणता येत नाही. घरी दारू गाळणं तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. आणि कच्चा रस चाखायचा विचार असेल तर वरची लाल झालेल्या गालाची गोष्ट आठवा.

जुनं अवाढव्य झाड काढून टाकायचंय. कसं?

पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे, चष्मा. मी एकदा घाईत अर्ध्या बाह्यांनी कोयता घेऊन उतरले आणि रस उडून दोन्ही कोपरांपर्यंत पुरळ उठलं, तीन दिवस कॅलामाइन लावून बसले. यंत्राची करवत तर नकोच, ती रसाचा फवाराच मारते. बाहेरची पानं एकेक करून कापत आत जायचं, शेवटी गड्डा पहारीनं उचलायचा. त्वचेवर रस लागलाच तर चोळू नका, भरपूर पाण्यानं धुवा.

कापलेली पानं घंटागाडीवाले ओली असताना घ्यायला कुरकुरतात आणि त्यांचं चूकही नाही, काट्यांनी त्यांचेच हात फाटतात. टोकं छाटून, पंधरा दिवस उन्हात वाळवून, बांधून द्या. कंपोस्टमध्ये टाकायची असतील तर वीतभर तुकडे करा, तरी वर्षभर दोरे निघत राहतील.

जास्तीची पिलं डोंगरावर लावली तर? तेवढीच हिरवाई.

कृपा करून नको. रविवारी पिशव्या भरून पांडवलेणी, अंजनेरीकडे निघालेले लोक मला भेटले आहेत, हेतू चांगलाच असतो. पण अंजनेरीच्या त्या उघड्या, खडकाळ दिसणाऱ्या माथ्यावर कंदीलपुष्पाची अशी जात आहे की तिच्या नावातच अंजनेरी आहे. आपल्याला जे ओसाड दिसतं ते तिचं घर आहे. घायपातानं एकदा पाय रोवला की पिलांचा वेढा पसरत जातो आणि खाली दुसरं काही उगवत नाही.

मी जास्तीची पिलं मुळं वाळवून एका बादलीत फाटकाबाहेर ठेवते, वर पुठ्ठ्याची पाटी: 'घेऊन जा, पावसाळ्यात पाणी घालू नका.' दोन दिवसांत संपतात. एकदा बादलीही गेली.